साध्या कागदावरही चालतं

“मंग लिव,” जमुनाबाय म्हणाली आणि खुर्ची फरफटत ओढून माझ्या टेबलाला गुडघे टेकवून बसली. “आताच वाचलंस ना, साध्या कागदावर चालतं? मंग घे कागद. लिव, माझं घर नवसीला.”

नवापूरच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल होता, शनिवारची सकाळ होती आणि शिबिराला जेमतेम तेरा माणसं आली होती. मी नुकतंच मृत्युपत्राचं कलम मराठीत वाचून दाखवलं होतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. मजकूर कोणीही लिहिला तरी चालतो. ज्याचं मृत्युपत्र त्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. बस्स.

“जमुनाबाय, आम्ही लिहीत नाही,” मी म्हटलं. “आम्ही फक्त वाचून दाखवतो.”

“आगो, मंग वाचतेस कशाला? भुकेल्याला ताट दाखवायचं आन् जेवू नको म्हणायचं?”

हॉल हसला. मीही हसले. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

मी स्वाती चुरी. पालघरला एका लॉ कॉलेजात ग्रंथपाल आहे, सव्वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवरची धूळ झटकणारी बाई. झटकते, तेही करते. पण कुठलं कलम कुठल्या पुस्तकात, ते कधी बदललं, बदलाची चिठ्ठी कुठल्या पानावर चिकटवली, हे वकिलांनी मला विचारावं आणि मी डोळे मिटून सांगावं, एवढं मला येतं. सहा वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या आम्ही पाच कायदा ग्रंथपालांनी ठरवलं की पुस्तकं कपाटात ठेवून कोणाचं भलं झालंय? महिन्यातून दोन शनिवार गावात जायचं, माणसांना त्यांच्या कामाचं पान काढून वाचून दाखवायचं. बोईसरच्या चाळींत गेलो, घिवलीला गेलो, डोंगरातल्या पाड्यांवर गेलो. पदरमोड करून गेलो आणि मिरवत गेलो, खोटं कशाला बोलू.

न लिहिण्याचा नियम माझाच. आमच्या एकाने एका शेतकऱ्याला अर्ज लिहून दिला, त्यात गट नंबर चुकला आणि बोंबाबोंब झाली. वकील मंडळींनी कडक पत्र पाठवलं, ग्रंथपालांनी वकिली करू नये. मी त्या दिवशी टेबलाशी बसून बॅनरचा मजकूर केला : ‘वाचून दाखवू. पान देऊ. सल्ला नाही, लिखाण नाही.’ एकनाथ राऊत, पालघरच्याच वकिलांच्या ग्रंथालयातला, म्हणाला होता, “बाई, फार ताठ झालंय हे.” मी म्हटलं, नियम ताठच असतो, वाकला की त्याची चटई होते. मला बोलायला काय जातंय!

तर जमुनाबाय. वय शहात्तर. आवाज खणखणीत, पण दर चार वाक्यांनी खोकला. तिच्यामागे नवसी उभी होती, चाळिशीची, काळीसावळी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. नवसी मूळची डोंगराकडची. तिची आई बोंबील सुकवायच्या कामाला नवापूरला जमुनाबायकडे यायची, तिथेच बाळंत झाली आणि पुढे एका हंगामात तापाने गेली. बाप आलाच नाही. तीन-चार वर्षांची पोर जमुनाबायने ओट्यावरून उचलून घरात घेतली. दत्तक वगैरे कोणी केलं नाही. कोणाला सुचणार? लग्न दोनदा ठरून मोडलं, मग म्हातारीचा नवरा गेला, मग म्हातारीचे गुडघे गेले, आणि नवसी राहिली ती राहिलीच. पोटचा मुलगा विनोद. तो बोईसरला कंपनीत कंत्राटावर, बायकोपोरांसह भाड्याच्या खोलीत. घर जमुनाबायच्या नावावर, दोन खोल्या आणि पुढे मासळी वाळवायचा ओटा. म्हातारी गेली की कायद्याने ते विनोदचं. नवसी कायद्याला कोणी नाही.

“आये, चल ना,” नवसी पुटपुटली. “लोक काय बोलतील.”

“तू गप. लोक तुला घरात घेणार हाय?” मग माझ्याकडे वळून, “बाय, माझ्याकडं टाइम नाय गो.”

“पुढच्या शिबिराला वकीलबाई येणार आहेत, दीपिका म्हणून. त्या व्यवस्थित लिहून देतील. घाईने वेडंवाकडं लिहिलं की उद्या कोर्टात टिकत नाही, जमुनाबाय. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न.”

कोर्टाचं नाव काढलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मुकाट उठली. दारापर्यंत जाऊन म्हणाली, “बरोबर हाय तुझं. चांगलंच लिवलेलं बरं.” एवढी तोंडाची तिखट बाई, पण माझ्यावर तिने विश्वास टाकला.

त्या हॉलमध्ये कागद होता. पेन माझ्या हातात होतं. एकनाथ होता, सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे दोन साक्षीदार झाले. म्हातारी शुद्धीवर होती, चांगली खडखडीत शुद्धीवर. कायद्याला लागतं ते सगळं हजर होतं. चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागली असती.

पंधरा दिवसांनी शिबिर झालंच नाही. मार्चअखेर आली, कॉलेजात पुस्तकांची वार्षिक पडताळणी निघाली आणि अकरा पुस्तकं सापडेनात. मी एकनाथला फोन केला, “एक आठवडा पुढे ढकलू.” तो म्हणाला, “नवापूरची म्हातारी वाट बघत असेल हो.” मी म्हटलं, “आठवड्याने काय आभाळ कोसळतंय?” अकरातली नऊ पुस्तकं सापडली.

पुढच्या शनिवारी दीपिकाला घेऊन हॉलवर गेले तर सेक्रेटरी एकटेच बसले होते. म्हणाले, “जमुनाकाकी बुधवारी गेली. न्यूमोनिया झाला. शेवटपर्यंत विचारत होती, वकीलबाय कवा येते.”

मी बॅनर बांधायला काढला होता, तो तसाच गुंडाळला.

मग मी काय केलं असेल? ग्रंथपाल दुसरं काय करणार! पालघरला आल्यावर वारसा कायद्याची सगळी पुस्तकं काढली. तोंडी सांगितलेलं चालतं का, एवढं एकच मला हवं होतं. तेरा माणसांनी ऐकलं होतं हो! आणि सापडलं. मोहिमेवरचा सैनिक आणि समुद्रावर असलेला खलाशी, यांनी दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं तरी ते मृत्युपत्र. खलाशी! जमुनाबायने जन्मभर समुद्राचं खाल्लं, पण ती काही समुद्रावर नव्हती, हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. तरीही मी कुठे धागा मिळतो का म्हणून मागचं परिशिष्ट काढलं. तिथे कळलं की ही खलाशाची सवलत हिंदूंना मुळात लागूच नाही. सव्वीस वर्षांत मी शेकडो माणसांना परिशिष्ट बघायला शिकवलं, आणि त्या दिवशी वाटलं, ते पान उंदराने खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी दुपारी विनोद ग्रंथालयात आला. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. सुतकातलं मुंडण, त्यावर कोवळे केस आलेले. मी मनातल्या मनात कमरेला पदर खोचला, भांडायचीच तयारी केली.

तो बसलाच नाही. “बाय, तुमीच ना नवापूरला आलेल्या? आयेनं काय लिवून ठेवलंय का तुमच्याकडं?”

“नाही.”

“काहीच नाय?”

“तोंडी म्हणाली होती. घर नवसीला.”

“ता म्हाईत हाय मला.” त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “मलापण बोललेली. नवसी माझ्या मांडीवर वाढली, बाय. मी शाळेतून आलो का पयली तिला घ्यायचो. पण खोलीवाला खाली करा बोलतो, कंत्राट कवा सुटंल भरोसा नाय, आन् बायको बोलते, सोन्यासारखं घर आपलं, ते त्या परक्या बाईला कशाला? तिचंपण काय चुकतं? दोन पोरं हाईत. आयेचा कागद असता ना, तिच्या पुढ्यात टाकला असता. बोललो असतो, आयेचा शब्द हाय, मी मोडणार नाय. देवाशपथ हातसुद्धा लावला नसता घराला. नुसत्या तोंडी बोलण्यावर ती ऐकत नाय.”

मला भांडायला माणूस हवा होता आणि समोर हा उभा.

“कायद्यात तोंडी चालतं का, बाय? चालत असंल तर तेवढं पान द्या. झेराक्स करून नेतो.”

खोटं बोलता आलं असतं. त्याने कुठे पडताळून पाहिलं असतं? पण विनोदने विचारलं होतं पान, आणि पान मागितलं की माझा हात आपोआप कपाटाकडे जातो. मी पुस्तक काढलं, तेच कलम उघडलं आणि त्याला वाचून दाखवलं, लेखी हवं, सही किंवा अंगठा हवा, दोन साक्षीदार हवेत. पूर्ण वाचलं.

“म्हंजे साध्या कागदावरपण चाललं असतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“आन् त्या दिवशी आये तुमच्यासमोर बसलेली.”

“हो.”

तो ओरडला असता तर मला सोसलं असतं. “येतो, बाय,” म्हणाला आणि हेल्मेट घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मी एकनाथला सगळं सांगितलं आणि त्याच्यासमोर रडले, चांगली हुंदके देऊन रडले. “मी नियम सांभाळला रे, आणि बाईला बुडवलं,” मी म्हटलं. तो म्हणाला, “बाई, मीही तिथे होतो. पेन माझ्याही खिशात होतं.” त्याने हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण बरं वाटलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बोईसरला उतरून रिक्षाने नवापूरला गेले. नवसी घर आवरत होती. दुसऱ्या दिवशी विनोदचं बिऱ्हाड यायचं होतं. त्याने तिला राहा म्हटलं होतं, बायकोनेही तोंडदेखलं म्हटलं होतं. पण दोन खोल्यांत पाच माणसं कशी राहणार, आणि नको असलेलं माणूस स्वतःला किती दिवस लपवणार! बोईसरला एका पॅकिंगच्या कारखान्यात चार बायका कामाला होत्या, त्यांच्या खोलीत तिची सोय झाली होती.

जमीन तिने दोनदा पुसून घेतली होती. मला चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “नवसी, माझ्यामुळे तुझं घर गेलं. मी लिहायला हवं होतं. मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. “राग आला होता, बाय. नाय कशाला बोलू? आयेला जाळून आलो त्या दिवशी तुमालाच शिव्या दिल्या मी. मंग वाटलं, तीन आठवडे होते. मास्तर होता गावात, त्याला बोलावून लिवून घेता आलं असतं. पण मी कशी बोलू, मास्तर, माझ्या नावावर घर लिवा? आये खोकत होती आन् मी तिच्या उशाशी कागद घेऊन बसू? नाय जमलं.”

बाहेर शेजारणींचे बोंबील वाळत होते. हिचा ओटा धुऊन रिकामा होता.

मग ती आत गेली आणि एक फॉर्म घेऊन आली. कारखान्याचा होता, कामावर घ्यायचा. “एवढं लिवून द्याल?” तिने विचारलं आणि लगेच म्हणाली, “लिवत नसाल तर र्‍हाऊं दे.”

“आण इकडे,” मी म्हटलं.

नाव लिहिलं. आईच्या नावाच्या रकान्यात न विचारता जमुना लिहिलं. त्याखाली कायमचा पत्ता होता. घर नंबर दारावर रंगवलेला दिसत होता, मी तो लिहायला घेतला, तशी तिने फॉर्मवर हात ठेवला.

“तो नको, बाय. विनोददादाचं घर हाय ते आता.”

“अगं, आधारकार्डावर हाच पत्ता आहे तुझा. कोणी विचारत नाही. खुशाल लिहू.”

“आधारवर असूं दे. खोटं नका लिवू.”

“मग काय लिहू?”

तिने खोलीभर नजर फिरवली. “ऱ्हाऊं दे तसंच,” ती म्हणाली.

तो रकाना सोडून मी खालच्या ओळीवर आले. अक्षर नीट काढत होते.

“जन्मतारीख?”

“आधारवर एक जानेवारी हाय. ती त्या कॅम्पवाल्यानं टाकलेली,” नवसी म्हणाली. “खरी आयेला म्हाईत होती.”