हिरव्या चिंधीचा हंडा

दर रविवारी दुपारी आमच्या गावात तीन माणसं वेड्यासारखी हसतात, आणि त्यातला एक मी. मी अर्जुनराव. दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथल्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. नोकरीला लागलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, आता टक्कल पडलंय, तरी गाव मला सेक्रेटरी म्हणूनच हाक मारतं. दुसरे सुंदरराव, संस्थेचे माजी चेअरमन, साठ एकरांचे धनी. तिसरा मल्लिनाथ. त्याच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत भला मोठा टीव्ही आहे, म्हणून तो आम्हाला चालतो. नाहीतर चहात साखर मोजून टाकणाऱ्या माणसाशी कोण दोस्ती करतंय?

आम्ही बघतो ती एकच मालिका, ‘झुंबरगाव’. एका गावातली सोसायटी, तिथला लबाड चेअरमन, त्याची बहिरी सासू आणि बारा महिने चाललेला दुष्काळ. नव्वदच्या सुमारास दर रविवारी सकाळी लागायची. संस्थेनं तेव्हा एक टीव्ही घेतला होता आणि अख्खं गाव आमच्या ऑफिसात कोंबून बसायचं. आता सगळे भाग मोबाइलवर मिळतात. मल्लिनाथनं ‘झुंबरगाव प्रेमी’ नावाचा ग्रुप काढला, त्यात आष्टीपासून चकलांब्यापर्यंतची चारशे माणसं आहेत. कुणी सकाळी एक संवाद टाकला की दुपारपर्यंत पुढचे पन्नास येतात. नकला करण्यात माझा हात कुणी धरत नाही, हे मी स्वतः सांगायची गरज नाही, पण सांगतो.

मालिकेत दर भागात टँकरचा एक सीन असायचा. हंड्यांची लाइन लागलेली असते. एक काळी, किडकिडीत बाई शेवटी उभी असते. तिचा हंडा नळीखाली आला की पाणी संपतं. ती चेअरमनकडं बघून म्हणते, “मंग माजा लंबर उंद्या का?” आणि सगळं झुंबरगाव खो खो हसतं. तो संवाद ऐकायला लोक रविवारची वाट बघायचे.

आमच्या गावातही तशीच एक बाई होती, ओढ्यापल्याडच्या वस्तीवरची. काळी, किडकिडीत. टीव्ही बघायला ती ऑफिसच्या दाराबाहेर, पायरीखाली बसायची. टँकरचा सीन आला की आत बसलेले सगळे मान वळवून आधी तिच्याकडं बघायचे आणि मग हसायचे. ती पण हसायची. महिनाभरात तिचं नाव लंबरबाई पडलं आणि तेच राहिलं.

यंदा, म्हणजे एकोणीसच्या उन्हाळ्यात, माजलगावच्या धरणाचा तळ दिसायला लागला आणि गावात पुन्हा टँकर सुरू झाले. त्याच एका रविवारी मल्लिनाथची सून शिवगंगा चहा घेऊन आली. ती शाळेत शिकवते. दारात उभी राहून तिनं तो सीन पहिल्यांदाच पाहिला. आम्ही हसून हसून डोळे पुसत होतो. ती म्हणाली, जरा मागं घ्या. सासऱ्यानं घेतलं. मग ती म्हणाली, आता थांबवा.

“मामंजी, तो लाल चिंधी बांधलेला हंडा बघा. सीन सुरू होताना तो लाइनीत पयला हाय.”

आम्ही बघितलं. होता. गळ्याला लाल चिंधी, त्या बाईचाच हंडा, एक नंबरला. दोन मिनिटांनी तोच हंडा शेवटी. मधे कुणी उचलला, ते दाखवलेलंच नाही. शिवगंगानं आणखी तीन भाग लावून बघितले. दरवेळी तेच.

“ती रोज सगळ्यात आधी येतीय,” शिवगंगा म्हणाली. “आन् हिचं नाव काय? मालिकेतल्या म्हशीला बी नाव हाय, हिलाच कसं न्हाई?”

सुंदरराव चिडले. पोरी, विनोद हा विनोद असतो, त्यात असलं काय शोधतीस, म्हणाले. मल्लिनाथ म्हणाला, त्या काळी शूटिंगला एवढं कोण लक्ष देतंय, चुकून झालं असेल. मी त्या थांबलेल्या चित्राकडं बघत होतो आणि माझ्या हाताला ओल्या पितळेचा गारवा लागत होता.

आमच्याकडं टँकरच्या लाइनीत माणूस उभा राहत नाही, हंडा उभा राहतो. पहाटे हंडा ठेवायचा, ओळखीला गळ्यात चिंधी बांधायची आणि कामाला निघून जायचं. टँकर आला की यायचं. ब्याण्णव साली टँकर संस्थेच्या दारात यायचा आणि लाइन सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. मी सकाळी ऑफिस उघडायला यायचो तेव्हा पहिला हंडा हिरव्या चिंधीचा असायचा. रोज. तो मी उचलायचो आणि शेवटी नेऊन ठेवायचो. पल्याडच्या वस्तीचे हंडे शेवटी, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, इतकं ते माझ्या हातात बसलेलं होतं. पाणी संपलं की ती काही बोलायच्या आत मीच तिच्या आवाजात म्हणायचो, “मंग माजा लंबर उंद्या का?” गाव हसायचं. दुष्काळात माणसं हसवतो म्हणून मला कौतुक वाटायचं, स्वतःचं.

तीस वर्षं मी तो सीन बघतोय. मालिकेतल्या चेअरमनच्या शर्टाची किती बटणं तुटलीत ते मला पाठ आहे. हंडा मात्र दिसला नाही.

ग्रुपनं ठरवलं होतं की मालिकेला तीस वर्षं होतायत, तर संस्थेच्या हॉलमध्ये कार्यक्रम घ्यायचा, आणि त्यात आपल्या गावच्या लंबरबाईचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. कल्पना माझीच. सन्मानपत्र छापायचं कामही मीच घेतलं होतं. छापणाऱ्यानं फोनवर विचारलं, नाव काय टाकू? मला तिचं नाव माहीत नव्हतं. सुंदररावांना विचारलं, मल्लिनाथला विचारलं. त्यांनाही नाही. जी बाई सत्तावीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर दुधाची किटली ठेवते, तिचं नाव गावातल्या तिघा शहाण्यांना ठाऊक नव्हतं.

मी तिच्या घरी गेलो. म्हशीखालचं शेण भरत होती. थेट विचारायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, सत्कारासाठी आधार कार्डाची झेरॉक्स लागतीय.

“कावून?”

“सन्मानपत्र करायचंय. नाव बिनचूक पायजे.”

तिनं पाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

“माजं नाव तुमच्याकडंच हाय की. सभासदाचं रजिस्टर बघा. तुमीच लिवलंय.”

मी ऑफिसात येऊन जुनं रजिस्टर काढलं. ब्याण्णव सालचं, माझ्याच वळणदार अक्षरातलं. सभासद क्रमांक एकशे बारा. ‘लंबरबाई सटवा उजगरे.’ आणि पुढं निळ्या शाईचा अंगठा. ती सभासद व्हायला आली तेव्हा मी नाव विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. गंमत म्हणूनही लिहिलं नव्हतं, खरं नाव म्हणूनच लिहिलं होतं. त्या पानाकडं बघताना माझे कान तापले. घरात कुणी नसताना चोरी पकडली जावी तसं झालं.

पुन्हा तिच्याकडं गेलो. या वेळी तिनं बसायला पोतं टाकलं. म्हणाली, नवरा सटवा गेला त्या वर्षी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले होते, त्यात ती अक्षरं शिकली.

“पैलं वाचलं ते तुमच्या हापिसातल्या बोर्डावरचं. सभासदाची यादी लावलती. माजं नाव हुडकीत व्हते, ते काय सापडंना. मंग सटवा उजगरे दिसलं. म्हून त्याच्या आदीचं वाचलं.”

“मंग बोलली कावून न्हाईस?”

“कुणाला? लिवणारे तुमी, पुसणारे तुमी.”

मी कबूल केलं नाही असं नाही. हंड्याचं बोललो. ती म्हणाली, म्हाईत हाय, मी रोज बघत व्हते ओढ्यावरनं. मग मी म्हणालो की कार्यक्रमात चारशे माणसांसमोर तुझं खरं नाव घेतो आणि हंडा कोण सरकवायचं तेही सांगतो.

“सांगनार असाल तर येते. नारळासाठी न्हाई यायची.”

तिनं डब्यातनं आधार कार्ड काढून दिलं. केसरबाई सटवा उजगरे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी निघाली. मी तिला जन्मभर अगंतुगं करत आलो होतो आणि ती मला अहोजाहो.

कार्यक्रमाला हॉल भरला. केसरबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, माझ्याकडं नजर लावून बसली होती. मी माइकसमोर गेलो. नाव घेतलं. टाळ्या पडल्या, पण तुरळक, कारण ही केसरबाई कोण ते लोकांना कळेना. मग मी म्हणालो, “ब्याण्णव साली आपल्या गावात टँकर यायचा...” आणि मागनं कुणीतरी ओरडलं, सेक्रेटरी, तो सीन करा. लगेच दहा जणांनी धरलं. सुंदरराव पहिल्या रांगेत आधीच हसत होते.

मी तो सीन केला.

का केला, ते मी आजवर स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही. चारशे चेहरे माझ्याकडं बघत होते, हसायच्या तयारीत, आणि मला त्यांना नाराज करवलं नाही. मान वाकडी केली, पदर धरल्यासारखा हात केला आणि तिच्या आवाजात म्हणालो. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी तिच्याकडं बघितलं नाही. हंड्याचं न सांगताच मी खाली बसलो. तेवढा हलकट मी ब्याण्णव साली पण नव्हतो. तेव्हा निदान कळत नव्हतं.

सुंदररावांनी तिला वर बोलावलं, शाल घातली आणि हसत हसत माइक तिच्या तोंडापुढं धरला. आता खुद्द लंबरबाईच्या तोंडून ऐकू या, म्हणाले. तिनं माइककडं बघितलंच नाही. सन्मानपत्र दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, “केसरबाई. सटवा. उजगरे.” मग माझ्याकडं वळली.

“बरोबर लिवलंय. आता रजिस्टरात करा.”

लोकांना हाही एखादा संवाद वाटला असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त शिवगंगा हात मांडीवर ठेवून बसली होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला काही माहीत नसतानाही मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी संकलन केंद्र उघडलं. रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं होतं. जुन्या नावावर रेघ मारून वर नवं नाव लिहिलं होतं. फक्त तिची सही हवी होती. किटल्या घेऊन लोक आले, लाइन लागली. केसरबाई बाराव्या नंबरला होती. मी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तिला म्हणालो, “केसरबाई, पुढं या तुमी.”

लाइनीतल्या लोकांनी माना वळवल्या. एक-दोघं हसले.

“नको,” ती म्हणाली. “लोक उभे हायत. माजा लंबर आला की येते.”

मी खाली बसलो. एकेकाचं दूध घेतलं, फॅट काढलं, चिठ्ठी दिली. प्रत्येक किटलीला वाटायचं, आता बोलावं. अकरा जण समोर होते, त्यातले सात तरी ब्याण्णव साली टँकरच्या लाइनीत होते आणि हसले होते. मी फॅटच्या आकड्याकडं बघत राहिलो. लोक किटल्या विसळून एकेक करून निघून गेले.

ती आली तेव्हा तिच्या मागं कुणी नव्हतं. तिनं रजिस्टर स्वतःकडं फिरवून घेतलं, नाव वाचलं, आणि अंगठ्याच्या त्या जुन्या डागाशेजारी हळूहळू सही केली. पेन मला परत दिला. आवारात आम्ही दोघंच होतो, म्हणून मला धीर आला.

“केसरबाई, हंडा मीच सरकवीत व्हतो. चुकलं माजं.”

तिनं किटलीचं झाकण लावलं.

“हे तुमी मला एकदा सांगितलंय,” ती म्हणाली. “लाइनीत मान्सं व्हती तवा सांगायचं व्हतं.”

ती ओढ्याच्या वाटेनं निघून गेली. मी रजिस्टर मिटलं आणि मापं धुवायला घेतली. संध्याकाळी सहाला पुन्हा लाइन लागणार होती.