बॉनेटखालचं रडणं

सकाळचे सहा वाजले होते आणि अमृतनानांच्या अंगणात शंभरेक माणसं जमली होती. साक्रीकडची डिसेंबरची थंडी, बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. शेजारच्या दोन गावांतली माणसं पिकअप भरून आली होती. मधोमध नानांची जुनी जीप, बॉनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. उखर्डू महाराजांनी खूण केली, नानांनी चावी फिरवली आणि जीप रडू लागली.

त्या आवाजाला दुसरा शब्द नाही. बारीक, ताणलेला, मध्येच तुटणारा, पुन्हा वर चढणारा.

"मनी पोर रडी राहिनी," यशोदाकाकू बॉनेटवर गाल टेकवून म्हणाली. मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

जागृती, नाना-काकूंची लेक, माझी चुलत बहीण, एकोणीस वर्षांची. धुळ्याला नर्सिंग शिकत होती. तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीत घरी आली आणि पहाटे तिला दम्याचा जोराचा झटका आला. नाना जीपकडे धावले, पण जीप सुरूच झाली नाही. दुसऱ्या गावाहून गाडी येईपर्यंत जागृती याच अंगणात गेली. दहाव्यानंतर नानांनी बॅटरी चार्ज करून आणली, सकाळी जीप सुरू केली आणि हा आवाज आला. धाप लागल्यावर जागृतीच्या छातीतून यायचा, अगदी तसा.

महाराज दोन दिवसांत हजर झाला. "माणसाचे आश्रम चार, इंजिनाचे सिलिंडर चार," तो कानटोपी सावरत सांगायचा. "पोरीचा आत्मा तिसऱ्या सिलिंडरात अडकला आहे. डिझेल म्हणजे भूमातेचं रक्त. आत्म्याला रक्ताची ओढ." मग तो मंत्र म्हणायचा आणि चार-पाच मिनिटांत रडणं खरोखर थांबायचं. लोक हात जोडायचे.

एवढ्यावर थांबला असता तर मी कदाचित गावी गेले नसते. पण चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "पोरीला शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

पाजलं होतं कमलबाईने. म्हणजे माझ्या आईने. शेजारच्या घरातून धावत जाऊन तिने पुतणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कोमट पाणी दिलं होतं, शेवटपर्यंत पाठ चोळली होती. "तीच डाकीण," महाराज म्हणाला. "अवसेला तिला गावाबाहेर काढा, आत्मा सुटेल."

आईने फोनवर एवढंच सांगितलं, "सुलक्षणा, तू येऊ नको. तुलाही नावं ठेवतील."

मी धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. दर थंडीत असे रडणारे आवाज घेऊन गाड्या येतात. अवसेच्या आदल्या दिवशी मी गावात गेले, ती हीच सकाळ.

"महाराज," मी गर्दीतून पुढे होत म्हटलं, "आज मंत्र म्हणू नका. पाच मिनिटं गप्प बसा."

"आत्मा कोपेल."

"कोपू द्या. डाकिणीची लेक आहे मी, माझ्यावरच कोपेल."

तो नानांकडे पाहू लागला. नाना म्हणाले, "थांबा महाराज. पाहू."

आवाज हळूहळू बारीक झाला आणि मंत्रावाचून थांबला. गर्दीत कुजबुज झाली. मी बॉनेट उघडलं, आतल्या रबरी पट्ट्यावर जपून थोडं पाणी शिंपडलं आणि नानांना हेडलाइट लावायला सांगितले. रडणं पुन्हा सुरू झालं. लाइट बंद, आवाज कमी. लाइट चालू, पुन्हा तेच.

इंजिन बंद करून मी सगळ्यांना पट्टा दाखवला. "हा फॅन बेल्ट. झिजून काचेसारखा गुळगुळीत झालाय, ढिला पडलाय. थंडीत रबर कडक होतं, पट्टा पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. गरम झाला की धरतो, मग गप्प. लाइट लावले की बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोवर भार येतो, म्हणून पुन्हा घसरतो. महाराजांचा मंत्र इंजिन गरम होईपर्यंत चालतो, एवढंच."

कोणी हसलं नाही. महाराज पिकअपकडे सरकला, त्याला कोणी अडवलंही नाही. पोलिसांत तक्रार मी दुपारी दिली.

नाना मात्र पट्ट्याकडे पाहत राहिले. तो प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला वाटत होतं.

"पट्टा घसरला म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही?"

"पुरती होत नाही, नाना."

"म्हणून त्या दिवशी..." ते थांबले. "दिवाळीपासून अधूनमधून बारीक वाजत होता गं हा. थंडीमुळे वाजतो म्हणून सोडून दिला."

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढ्यात शेजारी आमच्या दाराशी माझी आई दिसली, डोक्यावरून पदर ओढून उभी. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा बाहेर आलेली. मी नानांना म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं." ते जीपच्या पायरीवर बसले. आई आली, त्यांच्या शेजारी बसली. "वहिनी," एवढंच ते म्हणू शकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा पट्टा घेऊन गेले. काकूने माझा हात धरला. "आते तो आवाज येवाव नही का?"

"नाही, काकू."

"मग एकदा चालू कर. जुनाच राहू दे."

मला सगळं माहीत होतं, तरी मी चावी फिरवली. ती बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिली, अगदी थांबेपर्यंत. मग म्हणाली, "बदल."

मी पट्टा बदलला. त्यानंतर जीप साध्या जीपसारखी सुरू होते. आईच्या घरी बायका पुन्हा येऊ लागल्या आहेत, सगळ्या नाही. काहीजणी अजून तिला पाहून लेकरू पदराखाली घेतात.

यशोदाकाकूला मी दोष देत नाही. लेक गेलेल्या आईला कुठल्याही आवाजात लेक ऐकू येणारच. पण त्या आवाजाला कोणी एखाद्या बाईचं नाव चिकटवू लागला, तर आपण बाकीच्यांनी हात जोडून उभं राहू नये. बॉनेट उघडावं आणि हे कशामुळे होतंय ते जाणत्या माणसाला विचारावं. शक्य असेल तर आवाज पहिल्यांदा येतो त्याच दिवशी विचारावं.