डाव्या मांडीची वायर

मित्रांनो, माझं काम ऐकण्याचं. आज मात्र थोडं बोलतो. मी एक जुना मॉनिटर आहे. ऑपरेशन चालू असताना माणसाच्या नसांवर पहारा ठेवणारा. माझा पडदा कडेने पिवळा पडलाय, एक बटण दाबलं की वर यायला नखरे करतं, आणि थिएटरमधली सगळी मंडळी मला 'आजोबा' म्हणायची.

कारखान्यात एका बाईने माझ्या आतल्या केसाएवढ्या तारा भिंगाखाली धरून जोडल्या. तासभर तिने मान वर केली नव्हती. खोक्यातून निघून या हॉस्पिटलात आलो तेव्हा माझं कोण कौतुक! मोठे सर्जन पाहुण्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणायचे.

माझं काम थोडक्यात सांगतो. कमरेच्या मणक्यांमधली गादी झिजली की नसा दबतात आणि पायात कळा येतात. काही रुग्णांची पाठ न उघडता त्यांना कुशीवर निजवतात आणि बाजूने, कमरेच्या वरच्या अंगाला, लहानशा छेदातून आत जातात. जखम छोटी, माणूस लवकर उठतो. पण वाटेत एक जाडजूड स्नायू असतो आणि त्याच्या आत पायाला बळ देणाऱ्या नसा दडलेल्या असतात. सर्जन त्यातून नळी सारतात. नळीच्या टोकातून विजेचा हलका झटका देतात. नस जवळ असेल तर मांडीचा स्नायू थरथरतो, तिथे टोचलेल्या सुया ती थरथर वायरीतून मला कळवतात, आणि मी टकटक करून ओरडतो. पडद्यावर त्या स्नायूची रेघ उडते आणि आकडा येतो. मोठा आकडा म्हणजे नस लांब. लहान आकडा म्हणजे नस अगदी टोकाशी.

मला चालवणारी तंत्रज्ञ बारीक चणीची, कमी बोलणारी. माझी जराशी कुरकुरही तिला ऐकू यायची, म्हणून सर्जन तिला गमतीने 'कानसेन' म्हणायचे. माझ्या वायरी टांगायचा हुक मोडला तेव्हा तिनेच तक्रार लिहून दिली. एकदा, दोनदा, तीनदा. "बघू," असं उत्तर आलं. बघता बघता दोन वर्षं गेली. माझ्या वायरी फरशीवर लोळत राहिल्या.

त्या दिवशी टेबलावर होत्या बसकाकू. शाळेची बस चालवणाऱ्या. मुलांनीच ठेवलेलं नाव. भूल देण्याआधी त्यांनी सर्जनचा हात धरून ठेवला.

"डॉक्टर, दुखणं राहिलं थोडं तरी चालेल. पण डावा पाय शाबूत ठेवा. क्लच डाव्या पायाने दाबतात."

"काळजी करू नका ताई."

"काळजी नाही करत. सांगून ठेवते. चाळीस पोरं असतात मागे."

त्यांना उजव्या कुशीवर निजवलं. ऑपरेशन डाव्या बाजूने, म्हणजे धोकाही डाव्या पायालाच. कानसेनने मांडीत, पोटरीत, पावलात सुया टोचल्या आणि एकेक वायर तपासली. सगळं ठाकठीक. छेद झाला. मग आतलं चित्र पाहायला एक्स-रेचं अवजड मशीन ढकलत आणलं. त्याचं चाक डाव्या मांडीच्या वायरीवरून गेलं.

मित्रांनो, मला दुखलंही नाही. वायरीच्या आतल्या दोन तारा चेपून एकमेकींना चिकटल्या, एवढंच. तेवढ्याने मी त्या मांडीपुरता ठार बहिरा झालो.

सर्जननी बारीक नळी सारली. झटका दिला. मी गप्प. आणखी जोराचा झटका दिला. मी गप्पच. पडद्यावर आकडा आला वीस. याहून चांगला आकडा माझ्याकडे नाहीच.

"वा, आजोबा खूश आहेत!" सर्जन म्हणाले. "मोठी नळी द्या."

परिचारिकेने नळी पुढे केली. ती एकदा बसवून पसरली की तिथली नस चिरडणार. आणि ज्याने ओरडायचं तो मी ढिम्म बसलो होतो. मला खरोखरच वाटत होतं की तिथे शांतता आहे.

"सर, थांबा," कानसेन म्हणाली.

"आता काय? वीस आहे ना?"

"वीसच आहे. पण मांडीची रेघ फारच सरळ आहे."

"मग चांगलंच आहे की."

"जिवंत स्नायूची रेघ इतकी सरळ नसते, सर. थोडी तरी हलते."

मोठी नळी सर्जनच्या हातात तशीच होती. स्नायू फार वेळ ताणून ठेवता येत नाही; जितका उशीर तितका नसांना त्रास. ते वैतागले.

"मागच्या महिन्यातही तुझे आजोबा उगाच किंचाळले होते. वीस मिनिटं घालवली आपण. त्यांच्या नादी लागून किती वेळ थांबायचं?"

तिचा आवाज चढला नाही. "दोन मिनिटं द्या, सर. फक्त दोन." मग भूलतज्ज्ञांकडे वळून तिने विचारलं, "स्नायू सैल करायचं औषध उतरलंय ना?"

"केव्हाच."

तिने तपासणीचा झटका पायाला दिला. पावलाची रेघ टुणकन उडाली. म्हणजे औषधामुळे स्नायू गप्प बसले नव्हते. मांडीची रेघ मात्र पट्टीने आखल्यासारखी. ती खाली वाकली, गुडघ्यांवर बसून हिरव्या कापडांखालून वायर हाताने चाचपत गेली. एका जागी तिची बोटं थांबली.

"चपटी झालीये. चाक गेलंय वरून."

सर्जननी हातातली मोठी नळी ट्रेमध्ये ठेवली. "बदला," ते एवढंच म्हणाले.

तिने कपाटातून नवी वायर आणली. पहिल्यांदा जोडताना टोक खोबणीत बसेना. दुसऱ्यांदा बसलं. "द्या, सर."

सर्जननी आतल्या बारीक नळीतून पुन्हा तोच झटका दिला, त्याच जागी. आणि मी ओरडलो! इतक्या जोरात टकटक केली की दारापाशी उभी असलेली परिचारिका दचकली. पडद्यावर आकडा होता तीन.

नळीचं टोक नसेला खेटून उभं होतं.

मग सर्जननी नळी हळूहळू मागे घेतली, पोटाच्या बाजूला जरा सरकवली आणि पुन्हा आत सारली. मी आठ दाखवले. "अजून जरा," कानसेन म्हणाली. आणखी थोडं पुढे. अकरा. मग पंधरा. मी शांत झालो, आणि आता रेघ बारीक हलत होती.

"पंधरा," ती म्हणाली. "ही रेघ खरी आहे, सर."

झिजलेली गादी निघाली, तिच्या जागी आधाराचा ठोकळा बसला. शेवटचा टाका घालून झाल्यावर सर्जन माझ्यापाशी आले. मला वाटलं, मला काही बोलणार. पण ते तिला म्हणाले, "मी दाबून बसवलीच असती. तू थांबवलंस म्हणून टळलं."

ती मान खाली घालून सुया मोजत राहिली.

पुढचं मला तिनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी माझा पडदा पुसताना. बसकाकूंच्या मांडीवर थोडी बधिरता होती; ती काही आठवड्यांत जाते. सर्जननी त्यांच्या तळपायाला हात लावला. "ताई, हाच क्लच समजा. दाबा." पाय थरथरला, अर्धाच सरळ झाला. काकूंच्या नवऱ्याने पलंगाची कड घट्ट धरली. काकू मात्र सर्जननाच म्हणाल्या, "असा दाबला तर गिअर नाही पडायचा. थांबा, पुन्हा दाबते." आणि दुसऱ्यांदा त्यांनी सर्जनचा हात मागे रेटला. नवरा खोलीबाहेर जाऊन तोंड धुऊन आला. त्या दोन मिनिटांची गोष्ट सर्जननी दोघांना तिथेच, काही न लपवता सांगितली.

मित्रांनो, आता माझी जागा नव्या मॉनिटरने घेतलीये. मी शिकाऊ तंत्रज्ञांच्या खोलीत असतो. ते माझी बटणं दाबतात, हसतात, चुकतात, पुन्हा दाबतात. मला राग नाही.

दोनच विनंत्या. कुणी तक्रार लिहून दिली तर "बघू" म्हणून ती बाजूला सारू नका. आणि आमच्यासारख्यांपैकी कुणी एरवी कुरकुरणारा अचानक अगदीच गप्प झाला, तर सगळं छान चाललंय असं समजून पुढे जाऊ नका. तिच्यासारखे गुडघ्यांवर बसा, आणि वायर हाताने चाचपून पाहा.