मधली सर्व्हिस

मायतापी सहकारी साखर कारखान्यातलं जुनं मेनफ्रेम बंद केलं, त्या दिवशी भाषण गायत्रीनेच केलं होतं. शेतकी विभागामागच्या थंड खोलीत ते लोखंडी कपाटाएवढं धूड कितीतरी हंगाम घरघरत होतं. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनकाटा, वाहतूक असं सगळं एकाच अवाढव्य प्रोग्राममध्ये गुंतलेलं. एकीकडे हात लावावा तर दुसरीकडे बिघाड. ज्यांनी तो लिहिला ती माणसं निवृत्त झाली होती आणि सुटे भाग भंगारातही मिळेनासे झाले होते.

"आता प्रत्येक कामाची वेगळी सर्व्हिस असेल," तिने सभासदांना सांगितलं. "नोंदणीची वेगळी, तोडणीची वेगळी, काट्याची वेगळी. त्या एकमेकींना निरोप पाठवतील. एक बदलायची झाली तर बाकीच्या बंद ठेवाव्या लागणार नाहीत."

टाळ्या पडल्या. नाशिकच्या कंपनीचा मालक कुंदन, म्हणजे तिचा साहेब, पहिल्या रांगेत बसून हसत होता. गायत्री म्हसावदची. पुण्यातली नोकरी सोडून ती या कामासाठी कुंदनच्या कंपनीत आली होती, कारण कारखाना तिच्या मुलखातला होता. मागच्या खुर्चीवर बसलेले तिचे वडील, उखा आप्पा, शेजाऱ्याला कोपराने ढोसत होते.

हंगाम सुरू झाला. गव्हाणीत मोळ्या पडू लागल्या आणि मळीचा आंबूस वास आवारभर पसरला. पाळी लागवडीच्या तारखेप्रमाणे लागायची. आधी लावलेला ऊस आधी तुटणार, हा नियम जुन्या यंत्रात होता आणि गायत्रीने तोच नव्यात आणला होता.

एका सकाळी प्रकाशा गावच्या वत्सलाबाई तिच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात उसाचा पांढरा तुरा होता, ऊस वेळेत तुटला नाही की येतो तो. तो त्यांनी की-बोर्डवरच ठेवला.

"हाई देख बेटा. मन्हा ऊसले तुरा उना. मन्ही लागवड आषाढनी शे. मोबाईलमा देखस तं मन्हं नाव रोज खाले खाले जाई ऱ्हायनं. तुन्हं मशीन येडं व्हयनं का?"

"बघते मावशी. काहीतरी चूक असेल," गायत्री म्हणाली. तिला खरंच तसंच वाटत होतं.

तिने निरोपांचा माग काढायला घेतला. नोंदणीतून निघताना वत्सलाबाईंची तारीख बरोबर होती आणि तोडणीकडे पोचतानाही बरोबरच होती. पण त्यांच्यापुढे भराभर दुसरी नावं घुसत होती. नोंदणी आणि तोडणी या दोघींच्या मध्ये आणखी एक सर्व्हिस बसलेली होती. गायत्रीने ती लिहिली नव्हती. नाव होतं 'पक्वता सुधारणा'. काम एवढंच, की काही ठरावीक सभासदांचा ऊस आला की त्याची लागवडीची तारीख मागे सरकवायची आणि पुढे निरोप द्यायचा, की हा ऊस पिकला आहे. यादीच्या सुरुवातीलाच चेअरमन, त्यांचे भाऊ, व्याही, दोन संचालक; पुढची नावं तिने वाचलीच नाहीत. पौषात लावलेला कोवळा ऊस आषाढातला म्हणून पुढे जात होता.

जुन्या प्रोग्राममध्ये हे करायचं तर सगळी यादी नव्याने चालवावी लागायची, आणि ते गावभर कळायचं. नव्या रचनेत मध्ये गुपचूप एक खिडकी पाडता येत होती. ती रचना गायत्रीची होती.

ती तशीच उठून गेस्ट हाऊसवर गेली. कुंदन आणि चेअरमन हेमकांतभाई जेवत होते. कुंदनच्या बोटांवरून रश्शाचं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं. त्याने ते चाटलं आणि तिला खुर्ची दाखवली.

ती उभीच राहिली. "सर, पक्वता सुधारणा कोणी टाकली?"

"मी. का, काही अडतंय का?"

"लोकांचा ऊस वाळतोय आणि यांचा कोवळा तुटतोय!"

"अगं, म्हणून तर ही रचना घेतली त्यांनी. लवचीक आहे म्हणून. तूच नाही का भाषणात सांगितलंस?" कुंदन हाडूक चोखत म्हणाला.

हेमकांतभाईंनी ढेकर दिली. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "ताई, रागावू नकोस. कारखाना आपलाच आहे. तुझ्या वडिलांचा ऊस परवा तोडून आणला ना आपण? विचार त्यांना. घरच्या माणसाला कोणी विसरतं का?"

गायत्रीला क्षणभर काही कळेना. मग कळलं, की आप्पांचंही नाव त्या यादीत होतं. ती बाहेर पळाली आणि पायरीजवळच ओकली. आत कुंदन कोणाला तरी म्हणत होता, "ऊन बाधलं असेल."

ती म्हसावदला घरी पोचली तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. शेत मोकळं झालं होतं, पाचट पसरलेलं होतं.

"आप्पा, आपला ऊस पौषातला. एवढ्यात कसा तुटला?"

आप्पांचा चेहरा फुलला. "तूच कयं ना? मी समदा गावले सांगं, मन्ही पोरना हात शे वरपावत."

"मी नाही केलं. चेअरमननी केलं, माझं तोंड बंद राहावं म्हणून. प्रकाशाच्या एका बाईचा ऊस त्यापायी उभा वाळतोय."

आप्पांचं हसू मावळलं, पण लाज काही दिसली नाही. ते म्हणाले, "एवढी शिकाडी तुले. तुन्हा जोरवर एक ऊस तुटना तं काय पाप व्हयनं?"

आईने ताट वाढलं होतं. गायत्रीला घास उचलवेना. बापाच्या प्रेमाचीही किळस येऊ शकते, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली आणि तिने ती मधली सर्व्हिस बंद केली. बाकीचं काही थांबलं नाही. नोंदणीचे निरोप सरळ तोडणीकडे गेले, पाळी आपोआप सुधारली आणि तोडणीच्या नव्या चिठ्ठ्या निघाल्या. धडगावकडचा मुकादम जामसिंग आपली ऊसतोड मजुरांची टोळी घेऊन चेअरमनच्या भावाच्या शेताकडे निघाला होता. त्याला मोबाईलवर प्रकाशाची, वत्सलाबाईंच्या शेताची चिठ्ठी आली. त्याने ट्रॅक्टर वळवला.

दुपारपर्यंत बोंब झाली. कुंदन धावत आला. त्याने सर्व्हिस पुन्हा सुरू केली, गायत्रीचा पासवर्ड काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या बाईच्या चुकीमुळे सिस्टीम बिघडली होती." शेतकी विभागातला प्रत्येक माणूस खाली बघत राहिला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या काहींची नावंही त्या यादीत होती.

चेअरमनच्या माणसाने जामसिंगला फोन केला, की टोळी ताबडतोब हलव. जामसिंग शाळेतली मराठी बोलायचा. आधीच त्याच्या टोळीला रोज नवी चिठ्ठी, रोज नवं गाव अशी फरफट सोसावी लागत होती. बायकांनी पोरं झोळीत टाकायची आणि पुन्हा पालं ठोकायची. तो म्हणाला, "फड अर्धा तुटला आहे. संपवल्याशिवाय आम्ही हलत नाही. दुसरी टोळी बघा." आणि त्याने फोन बंद केला.

वत्सलाबाईंचा ऊस तेवढा कारखान्यात गेला.

संध्याकाळी गायत्री सामान घेऊन फाटकाशी आली. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगेशेजारी पाळीची चौकशी करायला आलेले शेतकरी बसले होते. त्यांना तिने सगळं सांगितलं: मध्ये काय बसवलं आहे, कोणासाठी, आणि त्यांची नावं खाली का जातात. लोक गोळा झाले. शिव्या दिल्या गेल्या, कोणी मोर्चाचं बोललं. तिला जरा बरं वाटलं.

मग नथ्थू नावाचा एक म्हातारा तिला बाजूला घेऊन गेला. आत्ता सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले.

"ताई, एक इचारू? ती मधली यादीमा मन्हं नाव टाकता यी का?"

त्याच्या मागे आणखी दोघे येऊन थांबले होते, बहुधा तेच विचारायला. मळीच्या टाकीवरून वारा आला आणि तिने ओढणी नाकाला लावली.

"नाही," ती म्हणाली. शहाद्याकडे जाणारी जीप समोर उभी होती. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि जीप भरेपर्यंत खाली उतरली नाही.