छताचा दगड

"म्हणजे माणसाची नाडी सोडून दगडाची बघणार तू?"

कॉलेजच्या सल्लागार मिसेस व्हिटलॉक यांनी फॉर्म परत टेसापुढे सरकवला. मुख्य विषयाच्या रकान्यात टेसा स्टिडमनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'भूगर्भशास्त्र'.

"मेडिकलला जायचंय ना? मग जीवशास्त्र घे. सगळे तेच घेतात."

"मेडिकलवाले रसायन, भौतिक, जीवशास्त्राचे ठरावीक कोर्स मागतात, मॅडम. ते मी करणारच आहे. मुख्य विषय कुठला हवा, हे कुठंच लिहिलेलं नाही. तीनदा वाचलंय मी."

"लिहिलेलं नसतं गं. कळायला हवं. तुझ्यासारख्या मुली आधीच एक पाऊल मागं असतात."

"कसल्या मुली?"

मॅडमनी फॉर्म परत ओढला. सही करताना म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेव."

घरी याहून मोठं वादळ झालं. तिचे वडील, डॅरेल, केंटकीच्या डोंगरात अठ्ठावीस वर्षं खाणीत होते. आता एकावन्नाव्या वर्षी नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीशी बसलेले असत.

"त्या दगडाखाली मी जन्मभर रांगलो, ते तू त्याचं तोंडही बघू नयेस म्हणून! आणि तू कॉलेजात जाऊन..." खोकल्यानं पुढचं बोलू दिलं नाही.

टेसानं खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली. "डॅडी, तुझ्या छातीत काय आहे?"

"कोळसा. शेंबडं पोरही सांगेल."

"आजोबांनी चाळीस वर्षं कोळसा काढला. सत्तरीत डोंगर चढायचे. तुला चार पायऱ्या चढवत नाहीत. का?"

डॅरेलनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाले, "त्याच्या वेळी कोळशाचा थर माणसाएवढा होता. आमच्या वाट्याला गुडघाभर. मशीन आत घालायचं तर थरावरचा, छताचा दगड कापावाच लागायचा. दिवसभर पांढरी धूळ. आम्ही म्हणायचो, पीठ दळतोय."

"कसला दगड?"

"वाळूचा."

"कुठल्या डॉक्टरनं विचारलं कधी, छत कसलं होतं?"

"छत? डॉक्टर कशाला विचारेल?"

"म्हणून मला दगड शिकायचाय."

त्यांनी हात पुढं केला. "पेन्सिल दे." कॅलेंडरचं पान उलटं करून ते थर काढू लागले. पुढं कित्येक रविवार ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली.

सेंद्रिय रसायनानं तिला रडवलं. पदवीनंतर पहिल्या खेपेला अर्ज केला, तेव्हा नऊच्या नऊ मेडिकल कॉलेजांनी नकार दिला. एका मुलाखतीत कुणीतरी हसून विचारलं, "तुम्हाला विषय नीट ठरवता आला नाही वाटतं?"

"ठरवला होता," टेसा म्हणाली. "तुम्हाला पटला नाही."

तिथूनही नकारच आला. डॅरेलनी पत्र वाचून एवढंच म्हटलं, "पुन्हा भर."

दुसऱ्या खेपेला एका कॉलेजनं घेतलं. पत्र एप्रिलमध्ये आलं. डॅरेल फेब्रुवारीतच गेले होते.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका खाणकामगाराच्या फुफ्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला होता. काचपट्टीवर चिठ्ठी होती, 'खाणकामगार, वय ५८. कोळशाची धूळ.' सगळे बघून, लिहून पुढं सरकत होते. टेसानं ध्रुवित प्रकाशाची काच आडवी फिरवली. दगड ओळखताना हजारदा फिरवली होती. काळोखात बारीक फिकट पांढरे कण लुकलुकले. शेकड्यांनी.

"सर, ही चिठ्ठी अपुरी आहे."

डॉ. लँगफर्ड हसले. "वीस वर्षं मी हीच पट्टी शिकवतोय."

"मग वीस वर्षं अर्धंच शिकवताय."

 डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे काय आहे म्हणतेस?"

"क्वार्ट्झ. वाळूच्या दगडातला. यानं नुसता कोळसा नाही कापलेला. दगड कापलाय."

त्यांनी नखानं जुनी चिठ्ठी सोलून काढली आणि कोरी चिठ्ठी व पेन तिच्यापुढं ठेवलं. टेसानं लिहिलं, 'कोळसा आणि क्वार्ट्झ.'

"यांचं नाव?" तिनं विचारलं.

"नाव नसतं. नुसता नंबर."

मग तिनं नंबर लिहिला. एकेक आकडा सावकाश, सुटा सुटा. शाई वाळेपर्यंत चिठ्ठी हातात धरून ती उभी राहिली.