हेमाली हाकेला वळत नव्हती

कामतघरच्या सिस्टरांच्या बालवाडीतली जुनी बाजाची पेटी, ती मी. मित्रांनो, वसईच्या दामू मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं. पुष्कळ वर्षं मी तिथल्या चर्चमध्ये गायनाला साथ केली. २००१च्या जूनमध्ये सिस्टर रेमेडियांनी मला टेम्पोत ठेवलं आणि कशेळीच्या पुलावरून भिवंडीला आणलं. एका रिकाम्या शेडमध्ये त्यांनी बालवाडी सुरू केली. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. त्यातली सात रडत होती. मी वाजायला लागले तशी एकेक गप्प झाली. त्या दिवशी मला फार धन्य वाटलं!

आजूबाजूला दिवसभर कापड विणणारे लूम खडखडत. त्यामुळे इथे सगळेच ओरडून बोलत.

तिसऱ्या वर्षी राहीबाई आपल्या नातीला घेऊन आल्या. हेमाली चार वर्षांची होती. ती बोलत नसे. बस म्हटलं तरी उभी राही. शिकवणाऱ्या ताई तिला कंटाळल्या होत्या. मी वाजू लागले की मात्र ती धावत येई आणि माझ्या लाकडाला गाल लावून बसे. तिला माझं गाणं आवडतं, असं मला वाटायचं.

एक दिवस राहीबाई आल्या त्या रागातच.

"सिस्टर, पोरीला उद्यापासून घरीच ठेवते. लय हट्टी हाय. मारली तरी ऐकत न्हाय. लोकांची बोलणी किती खायाची?"

हेमाली तेव्हा डोळे मिटून मला टेकली होती. तेवढ्यात वीज गेली आणि सगळे लूम थांबले. सिस्टरांच्या हाताखाली फक्त मीच हळू वाजत राहिले. राहीबाईंनी मोठ्याने हाक मारली. हेमाली हललीसुद्धा नाही. सिस्टरांनी भाता थांबवला, माझ्या लाकडातली थरथर थांबली, तशी तिने पटकन डोळे उघडले.

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ताईंना सांगून तिला दूर, पाठमोरी उभी केली आणि माझ्या साऱ्या पट्ट्या एकदम दाबल्या. मी किंचाळले. मुलांनी कानांवर हात ठेवले. हेमाली मात्र फ्रॉकचं बटण चाळवत उभी होती.

"राहीबाई, पोर हट्टी नाही," सिस्टर हळू म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही."

राहीबाईंनी धावत जाऊन हेमालीला जवळ घेतलं. "आन मी तिला मारत व्हते गं बाय..."

सिस्टरांनी दोघींना ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. हेमालीच्या कानाला यंत्र बसलं. मला वाटलं, आता माझा आवाज ऐकून ती हसेल. पण ती घाबरून रडली आणि तिने यंत्र काढून फेकलं. मला वाईट वाटलं. पुढे कित्येक महिने सिस्टर रोज एकच पट्टी, अगदी हलकी, वाजवत राहिल्या. हळूहळू ती यंत्र कानात ठेवू लागली.

आणि एका दुपारी दारातून राहीबाई म्हणाल्या, "हेमा." नेहमीसारख्या ओरडल्याही नाहीत. हेमाली वळली.

२००८मध्ये सिस्टरांची बदली झाली. मग शाळेत सीडी प्लेअर आला. मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझा भाता कुरतडला आहे, तरी दोन सूर अजून बरे लागतात.

मित्रांनो, मला दुरुस्त करता आलं तर जरूर करा. पण एखादं पोर हाकेला वळलं नाही, तर दुसरी हाक आणखी मोठ्याने मारू नका. उठा, आणि त्याच्यासमोर जाऊन बसा.