गिऱ्हाइकावर जगणारा

"आजही नाही खाल्लं का हो त्यानं, आप्पा?" सुनेनं दारातूनच विचारलं.

आप्पांनी नुसती मान हलवली. दाणे पाण्यावर तरंगत होते आणि बोटभर लांबीचा निळा मासा दगडाच्या कपारीपाशी वरखाली होत होता. दाण्यांकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता. पोट तर पार खपाटीला गेलं होतं.

"नखरे असतील. भूक लागली की खाईल झक मारत," म्हणत ती ऑफिसला गेली. पाठोपाठ मुलगाही गेला. घरात आप्पा आणि मासा उरले.

आप्पा न्हावी. सारी हयात कात्री चालवण्यात गेली. गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून त्यांनी दुकानात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवली होती. माणसं आपला नंबर विसरून तिच्यासमोर बसायची, कारण टाकीतही एक दुकान चालायचं. हा निळा एका दगडापाशी ठाण मांडून असायचा. अंग हलवून, नाचून बोलवायचा, की ताटलीएवढा जाडोबा मासा त्याच्यापुढे येऊन मुकाट उभा राहायचा. तोंड उघडायचा, कल्ले फाकवायचा आणि निळा बेधडक आत शिरून त्याच्या अंगावरची कीड, मेलेली कातडी वेचून खायचा. समुद्रात, प्रवाळाच्या रानात, याच्या जातभाईंसमोर म्हणे रांगा लागतात. एका घासात गिळतील असे मासेसुद्धा तिथं शहाण्यासारखे थांबतात. कधीकधी निळ्याला लबाडी सुचायची आणि तो चांगल्या कातडीलाच चिमटा काढायचा. जाडोबा दचकून अंग झटकायचा. मग आप्पा खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, "बघा, कान कापला त्यानं! नशीब तुमचं, माझ्याकडं बसलात."

पुढं गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलगा हट्टालाच पेटला. "आप्पा, पुरे आता. जन्मभर उभे राहिलात, आता निवांत बसा." दुकान दुसऱ्याला गेलं. मुलाच्या घरी मोठी टाकी मावण्यासारखी नव्हती. तेव्हा आप्पांनीच जाडोबा दुकानाशेजारच्या औषधवाल्याला दिला आणि लहान टाकीत निळ्याला सोबत घेऊन आले. एवढासा जीव, त्याला असं लागणार तरी किती, असा त्यांचा हिशोब.

घरात कुणी वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. चहा आयता, जेवण आयतं, उठून काही करायला जावं तर सून म्हणे, "राहू द्या हो, मी करते." लिफ्टमध्ये पुढच्या माणसाच्या मानेवर वेडेवाकडे कापलेले केस दिसले की आप्पांची बोटं वळवळायची. एकदा धीर करून ते मुलाला म्हणाले, "ये, बस. केस वाढलेत तुझे."

"ऑफिसखालीच कापून घेतो मी, आप्पा. तुम्ही कशाला त्रास घेता?"

पोरगा प्रेमानंच म्हणाला होता. त्यामुळं रागावताही येईना. आप्पांनी कात्री कपाटात ठेवून दिली.

ते दोघं ऑफिसला गेल्यावर आज मात्र आप्पांना राहवेना. त्यांनी शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन मासेवाला म्हणाला, "काका, एखादा शिकतो दाणे खायला. पण बहुतेक नाहीच शिकत. त्याला गिऱ्हाईक लागतं हो. मोठा मासा कुठाय?"

जगातल्या दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. आप्पांना कळायला हवं होतं. त्यांनी लगेच औषधवाल्याला फोन केला.

"आप्पा, मागू नका हो," तो अजिजीनं म्हणाला. "माझी नात जीव टाकते त्याच्यावर. आणि तुमच्या त्या लहान टाकीत तो वळणार तरी कसा?"

खरंच होतं ते. आप्पांनी फोन ठेवला आणि टाकीसमोर बसून राहिले. निळा अजून नाचतच होता. समोर कोणी नाही, येणारही कोणी नाही, तरी दुकान उघडून बसलेला.

संध्याकाळपर्यंत ते तसेच बसून होते. मुलगा आणि सून कधी आले, तेही त्यांना कळलं नाही. शेवटी त्यांनी बाही वर सारली, हात साबण न लावता नळाखाली स्वच्छ धुतला आणि कोपरापर्यंत टाकीत घातला.

निळा आधी कपारीत पळाला. मग बाहेर आला. बिचकत जवळ येऊन त्यानं आप्पांच्या करंगळीचं नख तपासलं. मग नखाकडेची सुकलेली कातडी टोकरली. मग बोटांच्या पेरांवरून, कात्रीनं पडलेल्या जुन्या घट्ट्यावरून तो टिचटिच करत कामालाच लागला. एवढ्यानं त्याचं पोट भरणार नव्हतं. आप्पांना ते ठाऊक होतं. पण किती दिवसांनी कुणीतरी त्यांचा हात हातात घेतल्यासारखं वाटलं त्यांना. त्यांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

"आप्पा, येताय ना? पानं वाढलीत," बाहेरून सुनेनं हाक मारली.

"तुम्ही बसा गं," आप्पा हात न हलवता म्हणाले, "माझं अजून व्हायचंय."